तळ्याकाठचा पाठ : पदभ्रमण व शिबिर यांची आखणी

शालेय सहल म्हटली म्हणजे एक ठरावीक चित्र डोळ्यांपुढे येते. पहाटे मोटार शाळेपुढे उभी राहते, मुले गाणी म्हणत बसतात, दोन देवस्थाने व एक धरण पाहून रात्री उशिरा परत येतात. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले असता मुलांना आठवतो तो खाऊ आणि मोटारीतील जागेवरून झालेला तंटा. अशा सहलीत आनंद नसतो असे नव्हे; परंतु जो खर्च, जो श्रम व जी जबाबदारी शिक्षक पत्करतो, त्या मानाने मुलाच्या पदरी पडणारे ज्ञान फारच थोडे असते. म्हणून मुलांना पायी चालवत नेऊन एखाद्या तलावाकाठी व त्याभोवतीच्या रानात दिवसभर, आणि पुढे तयारी झाल्यावर एक-दोन रात्रींच्या मुक्कामासह, कसे शिकवावे याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. उद्देश

आपल्या जिल्ह्यातील पुष्कळशा शाळा पूर्णेच्या खोऱ्यात आहेत. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारे लागते. तेथील मूल विहिरीचे पाणी तोंडात धरून थुंकून टाकते व नळाचे पाणी पिते. ते नळाचे पाणी कोठून येते असे विचारले तर बहुतेक मुले ‘टाकीतून’ असे उत्तर देतात. टाकीत कोठून येते, या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. वस्तुतः अंजनगाव व दर्यापूर भागातील अनेक खारपाण गावांना मेळघाटाच्या पायथ्याच्या शहानूर धरणाचे पाणी नळयोजनेने पोहोचते. अमरावती शहरास मोर्शी तालुक्यातील सिंभोरा येथील अप्पर वर्धा धरणाचे पाणी मिळते. म्हणजे मुलाच्या घागरीतील पाण्याचा डोंगराशी व रानाशी प्रत्यक्ष संबंध आहे. तो संबंध त्याने पुस्तकात वाचलेला असला तरी पाहिलेला नसतो. तो पायांनी चालून व डोळ्यांनी पाहून समजावा, हा या पदभ्रमणाचा पहिला उद्देश होय.

दुसरा उद्देश याहून निकडीचा आहे. खेड्यातील मुले विहिरीत, शेततळ्यात, नदीच्या डोहात मोठ्या माणसांच्या नजरेआड उतरतात व दरवर्षी त्यांतील काही घरी परत येत नाहीत. पाण्यापासून मुलास दूर ठेवणे शिक्षकाच्या हाती नाही. पाण्याजवळ कसे वागावे हे शिकविणे मात्र त्याच्या हाती आहे, आणि तो पाठ फळ्यावर शिकविता येत नाही.

२. स्थळाची निवड

आखणी दोन टप्प्यांत करावी. पहिला टप्पा एका दिवसाचा असावा. अमरावतीच्या आसपासच्या शाळांनी छत्री तलाव अथवा वडाळी तलाव निवडावा. राजापेठेपर्यंत मोटारीने येऊन तेथून छत्री तलावापर्यंतचा मार्ग मुलांना सकाळच्या उन्हात सहज चालता येतो. ही दोन्ही तळी ब्रिटिश अमदानीत पाणीपुरवठ्यासाठी बांधली गेली. शहर वाढले, दूरच्या धरणाचे पाणी आले, आणि या तळ्यांचे मूळ काम मागे पडले. एके काळी ज्या पाण्यावर वस्ती जगली त्या पाण्याची पुढे समाज कशी निगा राखतो, हा प्रश्न काठावर उभे राहूनच मुलांपुढे ठेवावा. काठावर दिसेल ते, स्वच्छता असो की प्लॅस्टिकच्या पिशव्या, त्यांनीच पाहावे व नोंदवावे.

या तळ्यांलगत पोहरा-मालखेडचे राखीव रान आहे. त्यात बिबट्याचा वावर आहे. म्हणून तळ्याच्या काठापलीकडे रानात शिरण्यापूर्वी वनविभागाची परवानगी घ्यावी, त्यांचा मनुष्य बरोबर असावा व सूर्यास्तापूर्वी मुले मोकळ्या रस्त्यावर आलेली असावीत.

दुसरा टप्पा चिखलदऱ्याचा. अमरावतीहून परतवाडामार्गे हे स्थळ सुमारे ८० किलोमीटर अंतरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंचीवर आहे. शक्कर तलाव, भोवतालचे दरे, जवळच गाविलगडाचा किल्ला आणि उत्तरेस पसरलेले मेळघाटाचे रान, इतके शैक्षणिक साहित्य एका ठिकाणी आपल्या विभागात अन्यत्र क्वचितच मिळेल. काळ नोव्हेंबर अखेर ते जानेवारी हा उत्तम. पावसाळ्यात दऱ्यांच्या कडा निसरड्या असतात व धुक्यात चार हातांवरचे दिसत नाही. फेब्रुवारीनंतर पानगळ होऊन रान वाळते व वणव्याचे भय वाढते.

मुक्काम रानात तंबू ठोकून करण्याचा विचारही मनात आणू नये. मेळघाट हा १९७४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे. परवानगीवाचून तेथे रात्री राहणे हा कायद्याने अपराध आहे आणि मुलांच्या जिवाशी खेळ आहे. गावातील शाळेची इमारत, शासकीय वसतिगृह किंवा वनविभागाने नेमून दिलेले निवासस्थान यांपैकी एकात, भिंतीआड व दाराआड मुलांनी झोपावे.

३. पूर्वतयारी

शिबिराची तयारी किमान एक महिना अगोदर सुरू व्हावी. शालेय सहलींसंबंधी शासनाच्या प्रचलित सूचना प्रथम वाचाव्यात, शिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्यावी, प्रत्येक पालकाची लेखी संमती घ्यावी, आणि संमतीपत्र घेताना पालकांची सभा भरवून मार्ग, मुक्काम व सोबतची मंडळी यांची माहिती तोंडी सांगावी. मुलास दमा, फेफरे, मधमाशीच्या दंशाने सूज येणे असा काही त्रास आहे काय, हे त्याच सभेत विचारावे. दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे. मुलींना वगळून काढलेले शिबिर हे शिबिर नव्हे; त्यांच्यासाठी शिक्षिका बरोबर असावी व त्यांची झोपण्याची व स्वच्छतेची सोय स्वतंत्र असावी. ज्या मुलास चालणे अवघड आहे त्याला नोंद ठेवण्याचे अथवा मुक्कामावरील मुख्य काम द्यावे. परंतु घरी ठेवू नये.

मुलांची विभागणी सहा-सात जणांच्या गटांत करून प्रत्येक गटास एक नायक नेमावा. ही पद्धत बालवीर चळवळीची आहे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर वीस-बावीस मुलांचे पहिले शिबिर भरविले, तेव्हा श्रीमंत व गरीब घरांतील मुले एकत्र करून त्यांचे चार गट पाडले होते व गटाची जबाबदारी गटातील मुलाकडेच दिली होती. आपणही गट पाडताना एका आळीची, एका जातीची किंवा एका बाकावरची मुले एकत्र बसू देऊ नयेत.

चालण्याचा सराव शाळेतच करावा. पहिल्या आठवड्यात ३ किलोमीटर, दुसऱ्यात ५, तिसऱ्यात पाठीवर पिशवी घेऊन ५, असा क्रम ठेवावा. नव्या जोड्याने पाय सोलतो. म्हणून रोजचे वापरलेले पादत्राण बरे. चालताना गटाचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्या मुलाच्या वेगाइतका असावा, सर्वांपुढे एक व सर्वांमागे एक शिक्षक असावा, आणि प्रत्येक विसाव्याला नायकाने मोजदाद द्यावी.

धान्याचा हिशेब मुलांकडूनच करवून घ्यावा. शालेय पोषण आहाराचे प्रमाण सहावी ते आठवीच्या मुलास एका जेवणास तांदूळ १५० ग्रॅम व डाळ ३० ग्रॅम असे आहे. ३० मुलांच्या एका खिचडीस तांदूळ ४ किलो ५०० ग्रॅम व डाळ ९०० ग्रॅम लागेल. चालून आलेली मुले अधिक खातात, म्हणून किती वाढ धरावी हे त्यांनाच ठरवू द्यावे. पिण्याचे पाणी माणशी दिवसास ३ लिटर धरले तर ३० मुले व ४ शिक्षक यांना १०२ लिटर लागते. तेवढे पाणी उकळण्यास भांडे किती मोठे हवे व इंधन किती, हा पुढचा प्रश्न आपोआप निघतो. भाकरी व चून पहिल्या दिवसापुरते घरून आणावे. गरीब घरच्या मुलास वेगळी शिदोरी उघडण्याचा संकोच वाटू नये म्हणून सर्वांची शिदोरी एकत्र करून वाढावी.

४. पाण्याजवळची शिस्त

हे प्रकरण शिक्षकांनी दोनदा वाचावे. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात सहलीस आलेल्या शाळकरी मुलांची नाव उलटली व १२ मुले आणि २ शिक्षिका मृत्यू पावल्या. नावेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसविली होती व अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. तलाव शहरातला, दिवस निरभ्र, मोठी माणसे जवळ. तरीही हे घडले. त्यावरून काही नियम स्पष्ट होतात.

पहिला नियम, शिबिरात कोणत्याही मुलाने पाण्यात उतरू नये. पोहता येणाऱ्या मुलासही हा नियम लागू आहे, किंबहुना त्यालाच अधिक. कारण गाळात रुतणारा पाय व वेलींचे जाळे पोहणाऱ्याला ओळखत नाही. दुसरा, नौकाविहार कार्यक्रमात ठेवूच नये. तिसरा, काठापासून दहा पावलांवर दोरी अथवा चुन्याची रेघ आखून ती ओलांडण्यास मनाई करावी व तेथे सतत एक शिक्षक उभा असावा. त्याच्याकडे दुसरे कोणतेही काम देऊ नये. चौथा, मुलांच्या जोड्या लावून जोडीदाराची जबाबदारी परस्परांवर टाकावी व शिटी वाजताच प्रत्येकाने जोडीदाराचा हात धरून वर करावा.

याच ठिकाणी बुडणाऱ्यास वाचविण्याचा पाठ कोरड्या जमिनीवर द्यावा. बुडणाऱ्याच्या मागे उडी टाकणे म्हणजे बहुधा एकाऐवजी दोन जीव गमावणे होय. प्रथम हाक मारून मोठ्या माणसास बोलवावे; काठावर आडवे पडून लांब बांबू, धोतर किंवा ओढणी पुढे करावी; दोरी असल्यास तिला रिकामा, झाकण लावलेला डबा बांधून फेकावा. प्रत्येक मुलाने एकदा बुडणारा व एकदा वाचविणारा होऊन हे गवतावर करून पाहावे. घरी परतल्यावर गावच्या विहिरीवर ज्या दिवशी शिक्षक नसेल, त्या दिवसासाठी हा पाठ आहे.

५. वाटेवरचे पाठ

पाठ्यपुस्तकातील विषय वाटेवर कसे भेटतात याची काही उदाहरणे पुढे दिली आहेत.

गणित : शाळेच्या मैदानावर १०० मीटर अंतर आखून प्रत्येकाने आपली पावले मोजावीत. एखाद्याची १६० पावले झाली तर त्याचे पाऊल ६२.५ सेंटिमीटरचे. वाटेत त्याने ४,००० पावले मोजली म्हणजे अडीच किलोमीटर चालला. झाडाची उंची छायेवरून काढावी : १ मीटरच्या काठीची सावली ८० सेंटिमीटर असताना सागाची सावली १२ मीटर भरली, तर साग १५ मीटर उंच. त्रैराशिकाची कंटाळवाणी उदाहरणे येथे जिवंत होतात.

भूगोल : अमरावतीची उंची सुमारे ३४३ मीटर व चिखलदऱ्याची १,११८. उंची वाढते तसे तापमान दर १,००० मीटरला सुमारे ६.५ अंश सेल्सिअस उतरते. म्हणजे ७७५ मीटरच्या फरकाने सुमारे ५ अंशांचा फरक पडावा. एकाच दुपारी, एकाच वेळी, गावी राहिलेल्या शिक्षकाने व शिबिरातील मुलांनी सावलीत तापमापक धरून नोंद घ्यावी व ताडून पाहावी. नोंद हिशेबाशी न जुळल्यास ती खोडू नये. ढग, वारा, झाडी यांपैकी काय कारण असेल याची चर्चा करावी.

वाटेवरचा काळा दगड मुलांच्या हाती द्यावा. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहत आलेल्या तप्त रसाचे हे थर होत. हा दगड झिजून, कुजून आपली काळी कपाशीची माती झाली आहे. घरून आणलेले शेतातील ढेकूळ व डोंगरावरील दगड ज्याने एकाच वेळी दोन हातांत धरले, त्याला जमिनीची उत्पत्ती पुन्हा सांगावी लागत नाही.

गाविलगडाच्या रांगेवर उभे राहून पाणलोट दाखवावा. उत्तरेच्या उतारावर पडलेले पाणी सिपना, गाडगा इत्यादी नद्यांतून तापीस जाते; दक्षिणेच्या उतारावरचे चंद्रभागा, शहानूर यांच्या वाटेने पूर्णेच्या खोऱ्यात उतरते. कड्याच्या माथ्यावर शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब असे विरुद्ध दिशांना जातात, आणि पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेवाजवळ पूर्णा तापीस मिळते तेथे पुन्हा एकत्र येतात. दर्यापूरच्या मुलास ‘तुझ्या गावावरून वाहणारी चंद्रभागा येथून निघते’ असे सांगितल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे दिसेल ते कोणत्याही नकाशाने साधणार नाही.

इतिहास : बहामनी राज्याच्या काळापासून गाविलगड हे वऱ्हाडचे मोठे ठाणे होते. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली याच्या फौजेने तो भोसल्यांकडून घेतला व दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. किल्ल्याच्या माथ्यावरील जुनी तळी दाखवून विचारावे, की इतक्या उंचीवर तळी कशासाठी खोदली? पाण्यावाचून किल्ला लढत नाही, हे उत्तर मुले स्वतः देतात. गडाच्या कड्याशी व पडक्या तटावर चढण्यास सक्त मनाई असावी.

निसर्ग : तळ्याकाठी अर्धा तास पूर्ण शांत बसणे हा स्वतंत्र पाठ समजावा. टिबुकली बुडी मारून किती वेळाने व किती दूर वर येते, खंड्या एकाच फांदीवर परत येतो काय, बगळा व वंचक यांच्या उभे राहण्यात काय फरक आहे, हे गटागटाने पाहावे. हिवाळ्यात दूर उत्तरेकडून आलेली बदके दिसल्यास त्यांची संख्या तिघांनी वेगवेगळी मोजून सरासरी काढावी. नाव ठाऊक नसलेल्या पक्ष्याचे वर्णन लिहावे. शिक्षकाने नाव ठोकून देऊ नये. मेळघाटातील रानपिंगळा हा पक्षी शास्त्रज्ञांना शंभरांहून अधिक वर्षे आढळला नव्हता. १९९७ साली तो खानदेशात पुन्हा सापडला व पुढे मेळघाटातही त्याची नोंद झाली. नीट पाहणाऱ्यास अजून पुष्कळ शोधावयाचे आहे, हे या उदाहरणावरून सांगावे.

६. मुक्कामाची व्यवस्था

मुक्कामावर पोहोचताच पहिले काम जागा झाडण्याचे. वऱ्हाडच्या मातीत जन्मलेल्या गाडगे महाराजांनी हातात खराटा घेऊन जे शिकविले, ते शिबिरात भाषणाने सांगू नये. शिक्षकांनी स्वतः खराटा हाती घ्यावा. शौचालय नसल्यास पाण्यापासून किमान ६० मीटर दूर, उताराच्या खालच्या अंगास चर खणून आडोसा करावा व प्रत्येक वेळी माती लोटावी. खरकटे उघड्यावर टाकू नये. त्याने माकडे, रानडुकरे व त्यांच्यामागे बिबट्याही वस्तीजवळ येतो.

स्वयंपाक घराजवळच्या मोकळ्या, झाडलेल्या जागी करावा, पाण्याच्या दोन बादल्या बाजूस भरून ठेवाव्यात व शेवटी विस्तव पाण्याने विझवून राख हाताला गार लागते की नाही हे पाहावे. शेकोटी रानाच्या कडेला करू नये. आग्या मोहोळ दिसल्यास धूर, ओरडा व उग्र सुवास टाळून मुलांना शांतपणे दूर न्यावे.

झोपण्यापूर्वी अंथरूण व सकाळी पादत्राण झटकण्याची सवय लावावी. सर्पदंश झाल्यास त्या जागेवर चिरा देणे, तोंडाने विष ओढणे, दोरी आवळणे व मांत्रिकाकडे नेणे ही चारही कामे घातक आहेत. मुलास धीर द्यावा, दंश झालेला अवयव फळीस बांधून स्थिर ठेवावा, चालू न देता उचलून न्यावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जवळच्या कोणत्या रुग्णालयात सर्पविषावरील लस आहे याची चौकशी निघण्यापूर्वीच केलेली असावी. दूरध्वनीचा संपर्क डोंगरात सर्वत्र मिळत नाही. तो कोठे मिळतो हे पोहोचल्या दिवशीच पाहून ठेवावे.

रात्रीचा पाठ आकाशाचा. निरभ्र रात्री ध्रुवतारा दाखवून मुलांना हात लांब करून मूठ धरावयास सांगावे. अशी एक मूठ आकाशाचे सुमारे १० अंश झाकते. क्षितिजापासून ध्रुव दोन मुठींहून किंचित वर दिसतो; म्हणजे आपण सुमारे २१ उत्तर अक्षांशावर आहोत. गोलावरील अक्षवृत्त हे आपल्या मुठीने मोजता येते, हे कळल्यावर कृत्तिका, रोहिणी, मृग व व्याध यांची ओळख मुले आपण होऊन मागतात.

७. रान व रानातील माणसे

मेळघाट हे कोरकू लोकांचे घर आहे. आपण तेथे पाहुणे आहोत. कोरकू भाषा मराठीहून निराळ्या कुळातील, मुंडा कुळातील असून पूर्व भारतातील संथाळी व मुंडारी या तिच्या आप्त भाषा होत. सिपना या नदीनामाचा अर्थ कोरकू भाषेत साग असा आहे. तेथील शाळेच्या शिक्षकांशी अगोदर पत्रव्यवहार करून दोन्ही शाळांच्या मुलांची भेट घडवावी. आपल्या मुलांनी दहा कोरकू शब्द शिकावेत व तेथील मुलांना वाटाड्या व गुरू समजावे. त्यांच्या वेषाची, बोलीची थट्टा अथवा घराची परवानगीवाचून छायाचित्रे घेणे कदापि होऊ देऊ नये. झाडाची फांदी, पक्ष्याचे अंडे, पीस वा शिंग यांपैकी काहीही बरोबर आणू नये. गळालेली पाने चित्रांत यावीत, पिशवीत नव्हेत.

८. परत आल्यावर

शिबिर परतल्यावर संपत नाही. आठवड्याच्या आत प्रत्येक गटाने वाटेचा नकाशा, तापमानाची तुलना, पक्ष्यांची यादी व खर्चाचा हिशेब भिंतीवर लावावा आणि पालकांना बोलावून मुलांनीच तो समजावून सांगावा. त्यानंतर गावातील तळे, नाला वा विहीर घेऊन तिच्यात पाणी कोठून येते, घाण कोठून येते व मुले कोठे उतरतात यांची पाहणी करून तिचा वृत्तांत ग्रामसभेपुढे ठेवावा. विहिरीस कठडा नसेल तर तो मागण्याचा अधिकार, मोजमाप घेऊन आलेल्या मुलांना निश्चितच आहे.

काही शिक्षकबंधू म्हणतील की इतका व्याप कोण करणार, आणि काही विपरीत घडले तर दोष आमच्याच माथी. ही भीती खोटी नाही. म्हणूनच पहिला टप्पा एका दिवसाचा सुचविला आहे. ज्या शाळेस तेवढेही शक्य नसेल तिने गावच्या पाझर तलावापर्यंत चालत जावे, काठापासून दहा पावलांवर दोरी बांधावी व बुडणाऱ्यास बांबू कसा द्यावा एवढाच पाठ घ्यावा. त्यास परवानगीचे मोठे कागद लागत नाहीत; मुख्याध्यापकांची संमती, पालकांना कळविणे व दोन जागरूक शिक्षक पुरेत. अशा पाठाची टिपणे केंद्रप्रमुखांमार्फत शिक्षण विभागाकडे पाठवावीत, म्हणजे एका शाळेचा अनुभव इतर शाळांच्या उपयोगी पडेल.